वाट कुणासाठी?

पावसाळा आला की जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याकडे आपल्या धर्मग्रामांतूनही सहली निघतात. अशाच एका सहलीत आम्ही होतो. मुख्य रस्ता सोडून गाडी एका लहानशा फाट्याने वळली आणि लेंडी नदीचा तो शुभ्र प्रपात पाहून सारे हरखून गेले. परतताना एका तरुणाने विचारले, "फादर, पाहुण्यांसाठी रस्ता आणि पाड्यांसाठी चिखल, हा अन्याय नव्हे काय?"

उत्तर वाटते तितके सोपे नाही. सौंदर्याची ओढ ही काही निव्वळ चैन नव्हे. शिवाय पाहुणे आले, तर कणसे भाजून विकणाऱ्या बाईच्या घरची चूल पेटते. जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबांना दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर राबण्यासाठी भिवंडी-वसईकडे यावे लागते. त्यांना गावातच चार पैसे मिळत असतील, तर धबधब्याचा रस्ता नको होता असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

प्रश्न आहे तो अग्रक्रमाचा. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मरकटवाडीत एक माता दिवस भरण्याआधीच घरी प्रसूत झाली. जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागले. सहल पुढे ढकलता येते, प्रसूतीची कळ पुढे ढकलता येत नाही. म्हणून पैसा अपुरा असेल, तेव्हा गरजेचा रस्ता आधी आणि आनंदाचा नंतर, हाच न्याय होय.

पाड्यांच्या रस्त्यांबाबत वनजमिनीची अडचण पुष्कळदा पुढे केली जाते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीवरून गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागता कामा नयेत. तीन मीटर रुंदीचा रस्ता धरला, तर एवढ्या जमिनीत तीन किलोमीटरची वाट बसते. त्या डोलीने कापलेले अंतरही तेवढेच होते.

आपल्या घरांच्या भिंतींतील किती विटा त्याच डोंगरांतून आलेल्या हातांनी थापल्या असतील, कोण सांगेल? तेव्हा पाड्यांच्या रस्त्याचा विषय आपल्यासाठी दयेचा नव्हे, ऋणाचा आहे. पुढच्या सहलीत धबधब्यापाशी थांबण्यापूर्वी जवळच्या पाड्यात डोकावू या. त्यांची ग्रामसभा रस्ता मागत असेल, तर त्या मागणीला पाठिंबा देणारे पत्र आपल्याही सह्यांनी जाऊ द्या.