पाणबुडी आणि सदसद्विवेक

१५ जानेवारी २०२५ रोजी ‘वाघशीर’ ही पाणबुडी मुंबईत भारतीय नौदलात दाखल झाली आणि माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्यांची मालिका पूर्ण झाली. देशाचे नागरिक म्हणून आम्हांला ह्याचा अभिमान वाटतो. परंतु ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एक प्रश्नही पडतो. जिचे सारे सामर्थ्य लपण्यात आहे, अशा शस्त्राला ख्रिस्ती विवेक संमती देऊ शकतो काय?

ह्या पाणबुड्या डिझेल-विद्युत प्रकारच्या आहेत. डिझेल इंजिनांना हवा लागते. म्हणून त्या अधूनमधून पृष्ठभागाजवळ येतात, नळीवाटे हवा घेतात आणि बॅटऱ्या भारून घेतात. मग खोल पाण्यात त्या केवळ बॅटरीवर, जवळजवळ निःशब्द चालतात. तेथून शत्रूचे जहाज दिसत नाही, ते ऐकू येते.

मग लपणे हेच पाप आहे काय? न्याय्य युद्धात दबा धरून बसावे की नाही, ह्याचा ऊहापोह संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ ह्या ग्रंथात केला आहे. शत्रूला दिलेले वचन मोडणे त्यांनी सर्वथा निषिद्ध मानले; आपला बेत त्याच्यापासून गुप्त ठेवणे मात्र निषिद्ध मानले नाही. शांततेचे सर्व उपाय थकल्यावर राष्ट्राला असलेला स्वसंरक्षणाचा अधिकार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही नाकारलेला नाही.

खरी कसोटी लागते ती प्रहारानंतर. १२ सप्टेंबर १९४२ रोजी दक्षिण अटलांटिक महासागरात एका जर्मन पाणबुडीने ‘लॅकोनिया’ हे ब्रिटिश जहाज बुडवले. पाण्यातील आक्रोश ऐकून कप्तान हार्टेनस्टाईन ह्यांनी बुडणाऱ्यांना वर घेतले आणि मदतीसाठी उघड संदेश पाठवला. चार दिवसांनी, रेडक्रॉसचे निशाण दाखवलेले असतानाही, एका अमेरिकी विमानाने त्या पाणबुडीवर बॉम्ब टाकले. त्यानंतर जर्मन पाणबुड्यांना बचावकार्याची मनाईच झाली. दया करायची तर पाणबुडीला लपणे सोडावे लागते, आणि लपणे सोडले की तिचा स्वतःचाच जीव धोक्यात येतो. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार चकमकीनंतर बुडालेल्यांच्या शोधासाठी शक्य ते सर्व उपाय योजणे बंधनकारक आहे. पण शक्य काय आणि अशक्य काय, हे त्या क्षणी कप्तानाच्या विवेकालाच ठरवावे लागते.

हा विवेक ऐन युद्धात अचानक जागा होत नाही; तो शांततेच्या काळात, घराघरांत घडवावा लागतो. शोमरोन्याला जखमी माणूस डोळ्यांपुढे दिसला होता. येथे शेजारी म्हणजे अंधारातला केवळ एक आवाज. त्या आवाजामागे माणसे आहेत, ह्याचा विसर पडणे हाच खरा धोका होय.

डिसेंबर १९७१मध्ये पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ सर्व खलाशांसह बुडाली. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडवली. १९४ जण प्राणांस मुकले. ४ डिसेंबरचा नौदल दिन आगमनकाळातच येतो. त्या सुमाराच्या रविवारी आपल्या धर्मग्रामांतील श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ‘खुकरी’सोबत ‘गाझी’वरील मृतांचेही स्मरण व्हावे, असे आम्हांला वाटते. ती प्रार्थना जर ओठांवर येत नसेल, तर स्वसंरक्षणाच्या नावाखाली आपण द्वेषच जोपासत आहोत, असे समजावे.