ओरखडा आणि त्याचे शेजारी

मोटारीच्या रंगावरचे ओरखडे घालवण्यासाठी विजेचे पॉलिशर कोणते घ्यावे, हा प्रश्न काही दिवाळी अंकात यावा असा नाही, हे मला ठाऊक आहे. तो दुकानात विचारावा आणि खिशाला परवडेल ते खोके उचलून घरी यावे. पण माझ्या पुतण्याने, ‘‘काका, कोणते घेऊ?’’ असे विचारले तेव्हापासून तो माझ्या मनातून जाईना. तो यंत्राविषयी विचारत होता आणि मला मात्र त्यात एक जुनाच पेच दिसू लागला होता: एखादी वस्तू सुंदर दिसावी म्हणून ती किती झिजवावी?

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओरखडा पुसता येत नाही. ओरखडा म्हणजे चर. तिथे काही येऊन बसलेले नसते, तिथले काहीतरी गेलेले असते. मग तो नाहीसा करायचा तर एकच उपाय उरतो. त्याच्या भोवतालचा चांगला, निर्दोष थर चराच्या तळापर्यंत खाली उतरवायचा! धंद्यात याला ‘पेंट करेक्शन’ म्हणतात. सुधारणा खरी, पण शिक्षा शेजाऱ्यांना.

आणि उतरवायला असते तरी किती? हल्लीच्या मोटारींवर मूळ रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. साधारण 40 ते 50 मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले चाळीस-पन्नास. डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड असतो. उन्हापासून खालच्या रंगाला जपतो तो हाच थर. तो फार पातळ झाला की पांढरट पडतो, त्याचे पापुद्रे सुटू लागतात. पातेल्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला पुन्हा कल्हई करून देतो. इथे नवा रंग मारून घेण्यावाचून गती नाही.

आपल्या देव्हाऱ्यातले जुने टाक आठवून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या सणावारी चिंचेने, रांगोळीने घासून घासून देवांचे नाकडोळे पार गेलेले असतात. ते ज्यांनी घालवले त्यांच्या मनात भक्तीच होती. प्रत्येकीने त्या दिवशीपुरताच हात फिरवला होता. दोष कुणाचा म्हणावा? मला तर त्या गुळगुळीत टाकांबद्दल प्रेमच वाटते. पण मोटार काही टाक नव्हे. ती पाच-सात वर्षांनी विकली जाते, आणि चकाकी आपण भोगली तरी उरलेला पातळ थर दुसऱ्याच्या पदरात पडतो. थराची जाडी मोजणारे छोटे उपकरण मिळते. पण जुनी गाडी घेताना ते खिशात घालून येणारा गिऱ्हाईक विरळाच.

आता यंत्रे. मुख्य जाती दोन. रोटरी एकाच अक्षाभोवती गरगर फिरते, मिनिटाला सहाशेपासून तीन हजारांच्या आसपास फेरे. ती झटपट कापते; पण तेवढीच झटपट तापते. बॉनेटच्या कडेवर, जिथे रंग मुळातच पातळ, तिथे क्षणभर रेंगाळली की खालचा अस्तर-रंग दिसलाच. शिवाय अडाणी हातात ती उन्हात दिसणारी धुरकट वर्तुळे मागे ठेवून जाते. दुसरी जात ड्युअल ॲक्शनची. हिची गादी स्वतःभोवती फिरते आणि शिवाय तिचा मध्यही एका लहान वर्तुळात फिरत असतो. पृथ्वीचेच उदाहरण घ्या ना. हिच्या साध्या प्रकाराचा एक गुण मला फार आवडला. जास्त दाबले की गादीचे गरगरणे थांबते, नुसती थरथर उरते. बळजबरी केली की ती काम करायचे नाकारते! हा नकार आवडत नाही अशांसाठी दाते बसवून गादीला सक्तीने फिरवणारी तिसरीही जात निघाली आहे. माणसाला नकार फार काळ सोसवत नाही.

जुने कारागीर रोटरीवर हसतखेळत काम करतात आणि ड्युअल ॲक्शनला पोरखेळ समजतात. त्यांचा हात तयार आहे, त्यांना तो अभिमान शोभतो. चुकू न देणाऱ्या यंत्राने केलेल्या कामात तुमचे कौतुक ते काय, हा त्यांचा सवालही खोटा नाही. पण मी पुतण्याला दुसरेच सुचवले, आणि ते केवळ सुरक्षित म्हणून नव्हे. थर तर तेही उतरवते. फक्त ते वेळ घेते, आणि त्या वेळात माणसाला दर दोन हातांनंतर दिवा धरून ‘आता पुरे का?’ असे विचारता येते. म्हणून गादी मऊ, मलम सौम्य, आधी वीतभर जागेवर करून पाहायचे. तेवढ्याने भागले तर पुढे जायचे नाही. नखाला लागणारा ओरखडा असेल तर तो तसाच राहू द्यायचा.

बाजारात आणखी एक सोय आहे. काही पॉलिशांत तेल-मेण असते. ते चरात भरून बसते आणि गाडी आरशासारखी दिसते. चार धुण्यांत ओरखडे परत हजर. स्वतःच्या गाडीला सणापुरते लावले तर मी त्याला नटणे म्हणेन. विकायच्या आदल्या दिवशी लावले तर मात्र मला त्याला दुसरे नाव द्यावे लागेल.

हे सगळे ओरखडे आले कुठून, ते आम्ही शेवटी पाहिले. रोज पहाटे इमारतीतल्या वीस गाड्या पुसणाऱ्या मुलाच्या फडक्यातून. एकच बादली, एकच फडके, आणि त्यात वीस गाड्यांची धूळ. त्याने तरी काय करावे? पुतण्याने पॉलिशर घेतले, आणि त्याच्याबरोबर दोन बादल्या, सहा मऊ फडकी त्या मुलाला आणून दिली. मुलगा सध्या त्या फडक्यांनी आधी स्वतःची सायकल पुसतो.