खेळण्यातली बंदूक



ख्रिस्तराजाचा सण जवळ आला की आम्हाला तामीर राईस आठवतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातला हा १२ वर्षांचा मुलगा. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी, शनिवारी, तो बागेत एअरसॉफ्टची, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी बंदूक घेऊन खेळत होता. दिसायला ती हुबेहूब खरी. तिकडे १९८८ च्या कायद्याने अशा बंदुकीच्या तोंडाला नारिंगी टोक लागते. ते निघालेले होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला. बंदूक बहुधा खोटी आहे, हेही त्याने सांगितले. ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाही. गाडी आली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी तामीर गेला. तो रविवार ख्रिस्तराजाचा होता. त्या दिवशी मिस्सात संत मत्तयचे शुभवर्तमान होते. त्यात राजा सांगतो की, मला सर्वांत लहान भावंडांमध्ये ओळखा.

अशा खेळण्यांना खऱ्या शस्त्रासारखा परवाना लावावा का? आम्हाला तसे वाटत नाही. दिवाळीत टिकल्या फोडणारे पोर काही गुन्हेगार नव्हे. लहानपणी आपणही फोडल्याच की! पण धोका जर हुबेहूबपणात असेल, तर कायद्याने तिथे हात घालावा. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांची विक्री बंद केली, नाटक-सिनेमाला सूट ठेवली आणि १८ वर्षांखालील मुलांना कोणतीही नकली बंदूक विकणे गुन्हा ठरवला. हे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

तरी एक गोष्ट मनाला टोचते. नारिंगी टोकाचा कायदा होताच, आणि टोक निघाले. शिवाय गोळी झाडल्यावर पोलिसांनी रेडिओवर त्या कृष्णवर्णीय मुलाचे वय सांगितले, सुमारे २०! ज्यांना समोरचे मूल मूल म्हणून दिसले नाही, त्यांना नारिंगी ठिपका तरी दिसला असता का? २०१५ मध्ये ज्युरीने कोणावरही आरोप ठेवला नाही.

आता आगमनकाळ येईल, मग नाताळ. गोठ्यापासून चार पावलांवर खेळण्यांचे स्टॉल लागतील. युवकांनी यंदा स्पर्धांच्या बक्षिसांत बंदुका ठेवू नयेत, ही विनंती. आणि ज्या घरात ती आधीच आहे, तिथे आईबाबांनी ती हिसकावून घेऊ नये. मुलाला जवळ बसवून त्याला तामीरची गोष्ट सांगावी.