कुष्ठरोग, कर्मविपाक आणि परगावचा शेजारी

कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ होय, ही कर्मविपाकाची, म्हणजे कोणत्या कर्माचे कोणते फळ भोगावे लागते हे सांगणाऱ्या विचाराची, धारणा नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधल्यानंतर तरी गळून पडावयास हवी होती. परंतु भारतीय विवाह कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून राहिले. वसई-विरारमध्ये या कलंकाला परकेपणाचीही जोड मिळते. तेथील नालासोपाऱ्याच्या चाळींत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कामगार कुटुंबे राहतात; त्वचेवरचा फिकट, बधिर चट्टा दुखत नसल्यामुळे दुर्लक्षिला जातो, आणि दिवसा घरोघर तपासणी होते तेव्हा कामगार पाळीवर असतो. संसर्गानंतर लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे, क्वचित २० वर्षेही लोटतात, त्यामुळे रोग कोणी कोठून आणला हे सांगणे बहुधा अशक्यच असते; आणि ते सांगता आले, तरी रोगाचा उगम शोधणे व माणसाचा दोष काढणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हा भेद कर्मविपाकाच्या सोप्या वाचनाने पुसून टाकला. येशूने कुष्ठरुग्णाला स्पर्श केल्याची शुभवर्तमानातील कथा वसईच्या ख्रिस्ती गावांना परिचित आहे. तीत स्पर्शाआधी रुग्णाच्या पापाची चौकशी होत नाही. बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधांचा एकत्रित क्रम, सरकारी केंद्रांत मोफत मिळतो आणि ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो. तेव्हा तपासणी पथकांनी पाळी सुटल्यावर, रुग्णाच्या भाषेत बोलत चाळींत जावे, आणि शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णाच्या घराची वाट दाखवावी.