हाक आणि कान

पहिला पाऊस झाला की आमच्या तळ्यावर रातभर बेडकांचा गलका चालायचा. नर हाक देतो ती मादीसाठी. पण अंधारात ऐकणारी ती एकटीच नसते. पनामाच्या जंगलात एक वटवाघूळ बेडकाच्या हाकेवरनंच त्याला गाठतं, हे टटल आणि रायन या अभ्यासकांनी 1981 साली मांडलं. तिथला टुंगारा बेडूक एकटा असला की साधी हाक देतो. आसपास दुसरे नर ओरडू लागले की शेवटी 'चक्' जोडतो. मादीला हीच हाक आवडते, वटवाघळालाही. गप्प राहिला तर जीव वाचेल, वंश बुडेल.

गावात माणसांचंही असंच. लेकीचं लग्न ठरलं की बाप चार घरी सांगायचा. सांगितल्याबिगर भागतंय कुठं? भावकी ऐकायची नि ज्वारीचं पोतं आणून टाकायची. व्यापारीही ऐकायचा नि तूर पडत्या भावानं मागायचा. अण्णा म्हणायचे, "माणसानं नड बोलू नये." मला ते पटलं नाही. नड झाकून आतल्या आत झुरणारी घरंही होती. त्यांच्या दारात पोतं कधी आलं नाही.

वटवाघळाला दोष देता येत नाही. त्याला पोट आहे, दुसरी वाट नाही. माणसाला असते. हाक कानावर आल्यावर पोतं उचलायचं की तराजू, हे त्याच्या हातात असतं. म्हणून "गप का नाही बसलास?" असं नडलेल्याला विचारण्याआधी, "ऐकून तू काय केलंस?" हे ऐकणाऱ्याला विचारावं.