राखाडी अक्षरांचा हरताळ

इथन शूनोव्हर यांची ‘सोलराइज्ड’ ही रंगयोजना २०११ मध्ये आली आणि बघता बघता असंख्य प्रोग्रामरांच्या पडद्यावर जाऊन बसली. तिच्या गडद रूपात कमेंट (कोडमध्ये माणसासाठी लिहिलेली टीप) राखाडी दिसते, काळपट निळ्यावर जेमतेम उमटलेली. दोन्ही रंगांतला कॉन्ट्रास्ट मोजला तर साधारण २.८ ला १ भरतो. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावा, असा सुगम्यतेचा रूढ निकष आहे. हा निष्काळजीपणा म्हणावा, तर तसंही नाही. कमेंट हा दुय्यम मजकूर आहे, हे योजनेत विचारपूर्वक ठरवलेलं आहे.

दुय्यम, पण कोणासाठी? पंच कार्डांच्या काळात फोरट्रानमध्ये कार्डाच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर टोचलं की कंपायलर ते कार्ड सोडून पुढे जाई. सूट यंत्राला होती; माणसाने मात्र तेच कार्ड वाचावं अशी अपेक्षा होती. पुढे एडिटरांत रंग आले (विममध्ये १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपासून) आणि यंत्र जे सोडून देतं तेच पडद्यावरही विझू लागलं. कंपायलरची नजर माणसाला चष्म्यासारखी लागली.

फिकेपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. कोड बदलतो, कमेंट तशीच राहते. ‘इथे यादी चढत्या क्रमाने येते’ असं लिहिलेलं असतं आणि खाली कुणीतरी क्रम कधीच उलटा केलेला असतो. अशा शिळ्या साक्षीदारावर विसंबण्यापेक्षा कोडच वाचलेला बरा.

खरी गफलत वेगळीच आहे. जुन्या पोथ्यांमध्ये चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत, म्हणून मराठीत एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासला’ जातो. प्रोग्रामरही नकोशा झालेल्या ओळी पुसत नाही, ‘कमेंट करून ठेवतो’. न जाणो, लागल्या तर! आणि ‘ही ओळ हलवलीत तर पैसे दोनदा कापले जातील’ ही सूचनाही कमेंटच असते. दोघींना तोच राखाडी रंग. पोथीत निदान हरताळाचा रंग शाईपेक्षा वेगळा असे.

हा भेद दाखवता येतो. विममध्ये कमेंटचा रंग बदलायला एक ओळ पुरते, व्हीएस कोडमध्येही सेटिंग्जच्या फाइलीत तेवढंच काम आहे. पण त्याने सगळ्याच कमेंट एकदम उजळतात, मेलेल्या कोडसकट. त्यापेक्षा ‘बेटर कमेंट्स’ या एक्स्टेन्शनची युक्ती शहाणी वाटते: कमेंटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असेल तर ती लाल, प्रश्नचिन्ह असेल तर निळी, ‘टूडू’ असेल तर नारिंगी, आणि चार तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या ओळीवर सरळ काट. हे रंग ज्याच्या त्याच्या यंत्रापुरतेच. शेजारच्या टेबलावर ती फाइल उघडली की सूचना पुन्हा राखाडी होते. सोबत जातं ते फक्त उद्गारचिन्ह.

ईमॅक्स या एडिटरने दुसरी वाटही ठेवली आहे. तिथे कमेंटची शैली निवडता येते, त्यात एक आहे चौकटीची: मजकुराभोवती चिन्हांचं कुंपण. हे कुंपण फाइलीतच उमटतं, त्यामुळे ते प्रत्येकाला दिसतं, आवडो वा न आवडो. मराठीत कमेंट लिहिणाऱ्याची इथे जरा पंचाईत होते. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण युनिकोडच्या हिशेबात सात चिन्हांचा. एडिटरची मोजणी आणि फाँटमधली अक्षरांची रुंदी जुळली नाही, की उजवीकडची रेघ ओळीओळीला आत-बाहेर होते. ती सरळ करायला मग स्पेसबार हाताने दाबत बसावं लागतं, आणि दुसऱ्या फाँटमध्ये ती पुन्हा वाकडी.