अंगण खरंच वाकडं असलं तर?

आवणी उरकली की आटगावातली दुपार लांबते. पाऊस येऊन-जाऊन असतो आणि वीजही तशीच. अशाच एका रविवारी वीज गेली म्हणून भाचा माझ्या ओटीवर येऊन बसला. बगलेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड होता, दोस्ताकडून आठवड्याच्या बोलीवर आणलेला. तो पडघ्याकडच्या एका गोदामात कामाला आहे. दिवसभर खोकी स्कॅन करतो आणि रात्री संगणकावर बंदुकीचा खेळ खेळतो. मी मुंबईच्या एका कचेरीत 31 वर्षं टायपिस्ट होतो. आटगाव ते मुंबई आणि परत, रोज कसारा लोकलनं. थोडक्यात, बटणं बडवण्यात आम्हा दोघांचं आयुष्य चाललंय. ताई, म्हणजे त्याची आई, पायरीवर तांदूळ निवडत होती. त्या दुपारचं बोलणं आठवतं तसं लिहितो.

भाचा : मामा, एका वाक्यात सांगा. घेऊ की नको?

मामा : आकडा बोल आधी.

भाचा : चुंबकाच्या बटणांचा कीबोर्ड 14 हजार, हलका माऊस 9 हजार. एकूण 23. बारा हप्ते पडतात.

मामा : आणि पगार 17. म्हणजे सव्वा महिन्याहून जास्त दिवस खोकी उचलायची, ती बटणं दाबायला. आता आहे त्याला काय झालं?

भाचा : तो 500 रुपयांचा आहे. खाली रबराचा पडदा. दोन-तीन बटणं एकदम दाबली की एखादं गिळतो. खेळात माझा माणूस जागीच उभा राहतो आणि मरतो.

मामा : नाचता येईना, अंगण वाकडं.

भाचा : ही म्हण शाळेपासून ऐकतोय. पण मामा, अंगण खरंच वाकडं असलं तर? तेव्हाही नाचणाऱ्यालाच हसायचं?

मामा : (थोड्या वेळानं) माझंच सांगतो. टायपिंगच्या क्लासात आठ मशिनं होती. सात बरी आणि एकाच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या. मिनिटाला 40 शब्दांच्या इंग्रजी परीक्षेला नेमकं तसलंच मशीन माझ्यापुढे आलं. नापास झालो. दुसऱ्या वेळी चांगलं आलं. पास झालो.

भाचा : बघा! अंगण वाकडंच होतं.

मामा : थांब. मधल्या सहा महिन्यांत मी रोज दोन तास जास्त बसत होतो. मग पास झालो ते मशिनामुळे की बसण्यामुळे? चाळीस वर्षं होत आली, मला अजून सांगता येत नाही. चांगलं हत्यार आणि तयार हात एकाच वेळी येतात, तेव्हा श्रेय बहुधा हत्यारालाच मिळतं. ते दिसतं ना. आणि विकतही मिळतं.

भाचा : पण हत्यारात फरक असतो हे तर मान्य?

मामा : फरक किती, ते तू सांग. मला त्यातलं कळत नाही.

भाचा : साध्या मेकॅनिकल बटणाचा पूर्ण प्रवास 4 मिलिमीटरचा. साधारण 2 मिलिमीटर खाली गेलं की अक्षर लागतं, आणि पुन्हा लागायला बटण ठरावीक उंचीवर परत यावं लागतं. चुंबकाच्या बटणात धातूला धातू लागतच नाही. खाली सेन्सर असतो, तो चुंबक किती जवळ आला ते सतत मोजतो. 1879 साली एडविन हॉल नावाच्या माणसानं शोधलेला परिणाम आहे तो. त्यामुळे बोट केसभर उचललं तरी यंत्राला कळतं की बटण सोडलं. आमच्या खेळात पळता पळता गोळी मारली तर नेम जातो. आधी थांबावं लागतं. जो आधी थांबला, तो वाचला.

मामा : आणि केसभर उचलण्यानं वेळ किती वाचतो?

भाचा : मिलिसेकंदात. सेकंदाचा हजारावा भाग. साधा माऊस सेकंदाला 125 वेळा संगणकाला आपली जागा सांगतो, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी. गेमिंगचा 1000 वेळा सांगतो, दर 1 मिलिसेकंदानं. मला हवाय तो 8000 वेळा.

मामा : आणि डोळ्यानं बघून बोट हलायला तुला किती लागतात?

भाचा : माणसाला साधारण दोनशे. थोडे जास्तच.

मामा : पडदा कसला आहे तुझा?

भाचा : (आवाज उतरतो) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड. सेकंदाला 60 चित्रं.

मामा : म्हणजे दर सोळा-सतरा मिलिसेकंदांनी तुला नवं चित्र दिसतं. आणि इंटरनेटची लाइन?

भाचा : उन्हाळ्यात बरी चालते. पावसात काही नेम नाही. परवा पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरला जाऊन यायचा वेळ, दीडशे मिलिसेकंदांवर गेलं होतं.

मामा : खाचराला पाणी देताना आपण काय बघतो? पाट कुठे चिंचोळा झालाय ते. तिथली दरड काढायची सोडून तू पाटाचं तोंड रुंद करायला निघालास. तुझी दरड लाइनीत आहे, पडद्यात आहे. माऊस 1000 वरून 8000 वर नेलास तर एक मिलिसेकंदसुद्धा वाचणार नाही. पडदा 144 चा घेतलास तर चित्र सात मिलिसेकंदांत येईल. हिशोब तूच मांडलास, मी फक्त बेरीज केली.

भाचा : बरोबर आहे. पण बरोबरीचे दोघे भिडले की एका मिलिसेकंदाचाही फरक पडतो. जगात वरच्या फळीत खेळणारे उगाच वापरतात का?

मामा : ते वापरतात, कारण त्यांच्या पाटात दुसरीकडे दरड उरलेली नाही. आणि त्यांना ते बहुतेक वेळा फुकट मिळतं. आपण त्यांच्या बोटांचे शेवटचे दोन टक्के विकत घेतो, पहिले अठ्ठ्याण्णव आपल्याकडे असल्याच्या भरवशावर.

भाचा : त्यात अजून एक गंमत झाली. 2024 च्या जुलैत रेझर कंपनीनं कीबोर्डात एक सोय दिली. डावं बटण दाबलेलं असताना उजवं दाबलं की डावं आपोआप सुटलं असं यंत्रच धरतं. म्हणजे थांबण्याची जी कला शिकायला आम्हाला वर्ष-दोन वर्षं लागतात, ती कीबोर्डच करतो. काउंटर-स्ट्राइक हा बंदुकीचा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं ऑगस्टमध्ये तिच्यावर बंदी घातली.

मामा : का रे? हत्यार चांगलं असणं हा गुन्हा झाला?

भाचा : त्याचाच मी रात्रभर विचार करत होतो. मला वाटतं, हत्यार हाताचं ऐकतंय तोवर ठीक. हाताऐवजी हत्यारच खेळायला लागलं तर मग जिंकलं कोण?

मामा : हे तू माझ्यापेक्षा नीट बोललास. माऊस ज्यानं काढला त्या डग्लस एंगलबार्टलाही हेच पडलं होतं. 1964 चा पहिला माऊस म्हणजे लाकडाचा ठोकळा. खाली काटकोनात दोन चाकं आणि वर एकच बटण. पण त्याला नुसता माऊस विकायचा नव्हता. माणसाची ताकद वाढली पाहिजे, आणि यंत्राबरोबर माणसानंही शिकत गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या हातासाठी त्यानं पाच बटणांची एक पट्टी केली होती, पियानोच्या पट्ट्यांसारखी. शिकायला अवघड. सोपा माऊस जगभर गेला, अवघड पट्टी मागे राहिली.

भाचा : म्हणजे लोकांनी शिकणं टाळलं आणि वस्तू घेतली.

मामा : आपण सगळेच घेतो.

भाचा : पण मामा, आता माझं ऐका. गेल्या पौषात म्हसा गावच्या जत्रेला गेलो होतो. तिथे माणसं शर्यतीच्या बैलाला हात लावून लाखांच्या गोष्टी करत होती. त्यांना कुणी विचारलं का, हे वसूल कसं होणार? मुंबईतला माणूस दोन लाखांची सायकल घेऊन रविवारी माहुली गडाच्या पायथ्याला येतो, त्याला कुणी विचारतं का? मी 23 हजार म्हटलं की अख्खं घर हिशोबाला बसतं. गरिबाच्या वस्तूला नेहमी उपयोगाचा दाखला का लागतो?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कचेरीत आयुष्यभर दाखलेच टाइप केले होते, असा एकही टाइप केला नव्हता. तेवढ्यात ताईनं सुपातून मान वर केली.

ताई : दाखला कोण मागतंय तुला? माझं एवढंच म्हणणं, हात दुखतो का ते बघ. मी विळा घेते तेव्हा पातं नंतर बघते, आधी मूठ बघते. पात्याला धार लावता येते. मूठ हातात बसली नाही तर संध्याकाळी मनगट ठणकतं, मग विळा शंभराचा असो नाही तर पाचशेचा. माझ्या विळ्याला बघ, चिंधी गुंडाळलीय. ती चिंधी कुठल्या दुकानात मिळते?

भाचा : आई, माऊसचं तसंच असतं. आकार हातात बसला की निम्मं काम झालं. नव्वद-शंभर ग्रॅमचा दिवसभर ओढण्यापेक्षा साठ ग्रॅमचा हलका पडतो.

ताई : मग बसणारा घे ना. महागच बसतो असं कुठे आहे?

भाचा : (हसतो) नाही. दीड हजारातही चांगले मिळतात. आणि महागातलेही कधीकधी वर्षा-दोन वर्षांत एका दाबाला दोनदा क्लिक करायला लागतात. आतली धातूची पट्टी झिजते. तो रोग किंमत बघून येत नाही.

मामा : आण बघू तो तुझ्या दोस्ताचा कीबोर्ड. हा चुंबकाचा?

भाचा : नाही, हा साधा मेकॅनिकल. निळ्या बटणांचा, टक टक वाजणारा. 1980 च्या दशकात जर्मनीच्या चेरी कंपनीनं असली बटणं काढली. 2014 च्या सुमारास पेटंटची मुदत संपली, मग चिनी कंपन्यांनी तशीच बनवली. आता असा कीबोर्ड अडीच हजारांत येतो.

मामा : म्हणजे थांबणाऱ्याला स्वस्त मिळालं. हाही एक धडाच.

मी तो मांडीवर घेतला. वीज नव्हती, वायर टॉवेलातच लोंबत होती. बोटं आपसूक मधल्या ओळीवर बसली. टायपिस्टची सवय, मी जोरात ठोकलं. टक्. पुन्हा टक्. बटण अर्ध्यात किंचित अडतं, मग सुटतं, आणि सुटताना आवाज करतं. गोदरेजनं 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. त्याच घराण्यातल्या एका मशिनावर मी निम्मी नोकरी केली, आणि 2009 च्या सुमारास त्यांचं उत्पादन थांबलं तेव्हा कचेरीतली मशिनं आधीच अडगळीत गेली होती. पुढची सगळी वर्षं मी मऊ, मुक्या बटणांवर काढली. मला वाटायचं, मी तो आवाज विसरलो. बोटं विसरली नव्हती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अक्षरं कुठेच उमटत नव्हती.

भाचा : मामा, काय टाइप करताय?

मामा : महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून.

भाचा : वायर लावलेली नाही.

मामा : माहितेय.

भाचा : मग सांगा आता. ह्यातलं वसूल काय झालं?

मामा : काही नाही. एक अक्षर नाही.

भाचा : आणि तरी हातातून सोडवत नाहीये.

मामा : पकडलंस मला. ऐक तर मग, माझं म्हणणं बदललं. मघापासून मी तुला विचारतोय, उपयोग काय. आणि तू मला उपयोग पटवून देतोयस, मिलिसेकंद मोजून. आपण दोघंही एक शब्द टाळतोय. हौस. तुला तो कीबोर्ड हवाय, कारण तो तुला आवडलाय. त्यात लाज कसली? बैलवाला लाजतो का? तो उघड म्हणतो, हौस आहे. आपणच हौसेला गरजेचे कपडे घालून घरात आणतो, कारण आपल्याकडे गरजेला दार उघडतात.

भाचा : हौसेला मोल नसतं म्हणतात.

मामा : मोल नसतं, पण हप्ता असतो. म्हणून आधी ठरव, ही गरज की हौस. गरज असेल तर ती मोजता येते. हौस असेल तर मोजू नको, पण मग ती रोखीनं कर, आणि जेवढी खिशात असेल तेवढीच कर. गरजेसाठी कर्ज काढलं तर माणूस राबतो. हौसेसाठी काढलं तर हप्ते संपायच्या आधी हौस संपते.

भाचा : आणि गरज आहे की नाही ते कसं मोजायचं?

मामा : चिखलणीनंतर खाचर सपाट झालंय का ते आपण कसं बघतो? पाणी सोडतो. उंचवटा असेल तिथे माती उघडी पडते. वाद घालावा लागत नाही. तू एक वही घे. महिनाभर प्रत्येक वेळी हरलास की लिही, कशानं हरलो. घाई, लाइन, पडदा, कीबोर्ड-माऊस. चार रकाने. शपथेवर लिहायचं. अंगण वाकडं असेल तर वहीत दिसेल.

महिन्यानं तो वही घेऊन आला. 40 हारी. घाईच्या रकान्यात 22, लाइन आणि वीज मिळून 9, पडदा 4, कीबोर्ड-माऊस 5. पाचांपैकी चार वेळा बटण गिळलं होतं. अंगण थोडं वाकडं होतं, बावीस वेळा नाच कच्चा होता. त्यानं दीड हजाराचा, हातात बसणारा माऊस घेतला आणि अडीच हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड. चुंबकाचा अजून मनात आहे, म्हणतो. त्याचं नाव आता हौस असं ठेवलंय, आणि तिच्यासाठी डब्यात पैसे टाकतोय.

त्याच्याबरोबर मीही लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. येताना माझ्याही पिशवीत एक निळ्या बटणांचा होता. मला आता काही टाइप करायचं नाही. ताईनं विचारलं, "तुला रे कशाला?"

"हौस," मी म्हणालो.

तिनं पुढे काही विचारलं नाही.